येतो

वर्षालीच्या कागदावर आधी फक्त एक वर्तुळ होतं आणि त्यात एक ठिपका. वर्तुळ म्हणजे केळझरचं घर, ठिपका म्हणजे तिचे बाबा, दौलतराव. वांग्या-टमाट्याच्या वाडीत उभा जन्म काढलेला माणूस, पण अलीकडे घराचीच वाट विसरायचा. एकदा तर हायवेवर ट्रकांच्या मधून चालताना सापडला. तेव्हापासून पोरीच्या जिवाला घोर लागला होता. सावंगीची नोकरी सांभाळून ती त्यांच्यासाठी हे ॲप बांधत होती.

फोन बाबांच्या बंडीच्या खिशात राहणार. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दोनच बटणं, 'जातो' आणि 'आलो'.

ते पाहून आई कडाडली. "जातो काऊन लिहलं वं? घरातून निंगताना कोनी जातो म्हन्ते काय? येतो लिह्य!"

आईच्या शकुनापुढे संगणकाचं काय चालणार? वर्षालीने हसत एकच बटण ठेवलं, 'येतो'. घरातून दाबलं तर निघालो, वाडीतून दाबलं तर परत फिरलो. वाडीच्या वाटेवर, पांदणीत, रेंज येऊन-जाऊन असायची, म्हणून तिने आणखी एक सोय केली. वाडीतून 'येतो' आलं, की ॲपने ठिपका बाबांच्या चालीच्या अंदाजाने आपोआप घराकडे सरकवायचा.

पहिल्या चाचणीला बाबा एकटेच वाडीत गेले, वर्षाली घरी थांबली. दिवेलागणीला तिचा फोन वाजला. येतो. ठिपका हळूहळू पांदण उतरला, अंगणात आला, थांबला. ती हौसेने दारात धावली.

अंगणात कोणी नव्हतं.

हाका मारल्या. फोन लावला, लागेना. मग तिच्या लक्षात आलं. ठिपका तर तिनेच सरकवला होता! आणि माणूस कुठूनही निघताना 'येतो'च म्हणतो. बाबा वाडीतून निघाले होते, पण घरीच निघाले हे कोणी सांगितलं?

"आई, तू घरीच थांब," म्हणत ती टॉर्च घेऊन पळाली.

पांदणीत तुरीचा ओला वास कोंडला होता. रातकिडे बोलत होते, ते वाडीपाशी एकदम गप्प झाले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, डोक्यावरून दुपट्टा घेऊन.

"बाबा...?"

नुसता हात पुढे आला. तिने तो घट्ट धरला आणि तिला रडूच कोसळलं. हात गार होता, मातीने भरलेला. नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास येत होता.

"चला, घरी जाऊ."

ती पुढे, ते मागे. मागून पावलं वाजत नव्हती, पण हात सुटला नव्हता. अर्ध्या वाटेवर फोन वाजला.

"वर्षे, कुठी हायेस वं?" आई हसत होती. "बाबा तं मांगच्या दारानं आले! गोठ्यात गाईपाशी बसून होते. आता जेवून राह्यले..."

वर्षाली जागीच थांबली. मागे वळायची छाती होईना. बोटं सोडवून पाहिली... सुटली नाहीत.

तेवढ्यात मानेपाशी बाबांचा घोगरा आवाज आला. "एकटी येऊ नोको, पोरी. अंधार हाये."

आणि क्षणभराने फोनमध्ये, आईच्या मागून, घास चावत बाबा म्हणाले, "एकटी येऊ नोको, पोरी. अंधार हाये."