एक पाव, दोन गिऱ्हाइकं

"माझी लेक चोरीला गेलीय हो!" म्हातारीनं हंबरडा फोडला.

लेक लहानपणीच वारली होती. चोरीला गेली होती ती फिल्म. अर्थव्यवस्था म्हणजे काय, हे शाळकरी मुलांना शिकवणारी, जुन्या काळची. तिच्यात ती चिमुरडी पाववाली झाली होती. म्हातारीची नजर जात चालली होती. त्याआधी लेकीला एकदा चालता-बोलताना पाहायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मास्तरीणबाई शाळा सोडून गुप्तहेर झाल्या होत्या. सोबत त्यांचे दीर. माणूस सोन्यासारखा, डोकं बेताचं. दोघं फिल्म-संग्रहात पोचली.

तळघरात दिरांनी नाकाला रुमाल लावला. "काय हा आंबूस वास!"

"फिल्म कुजली की येतो. डब्यालाही चिकटतो, मग जन्मात जात नाही," संग्रहाचे साहेब म्हणाले. "ही रद्दी जाळा म्हणून कधीचा सांगतोय मी."

फिल्म दाखवणाऱ्या मशीनवाल्यानं जुनी चिठ्ठी चिकटवलेला रिकामा डबा पुढे केला. "वर्षानुवर्षं याच डब्यात होती. आज उघडला, तर ही गत."

दिरांनी डबा हुंगला. "हा बरा आहे, वहिनी. वास नाही."

मग सगळे वर मशीनच्या खोलीत गेले.

"इथं फिल्मा ठेवता?" बाईंनी विचारलं.

"छे! उकाड्यानं खराब होतात. मशीनही कधीपासून चालवलेलं नाही," मशीनवाला म्हणाला.

"मग लोणचं मुरतंय का कुठं?" दिरांनी पुन्हा रुमाल काढला. बाहेर येताच ते कुजबुजले, "चोर साहेबच! जाळली असणार."

बाईंनी म्हातारीला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं.

"भावजी, चोर तुमच्या नाकानंच पकडलाय. फिल्म वर्षानुवर्षं त्या डब्यात असती, तर डबा आंबला असता. म्हणजे डबा बदललेला, चिठ्ठी तेवढी जुनी. ती याच डब्यात होती असं कोण म्हणालं? मशीनवाला. आणि जिथं फिल्मच ठेवत नाहीत, तिथं तो वास कसा? काढा बाहेर."

मशीनवाल्यानं वरच्या खोलीतल्या कपाटातून खरा डबा आणला.

"पार ठिसूळ झालीय, बाई. मशीनवर चढवली की तुकडे होतील. कॉपी काढायची तरी मशीनमधून ओढावीच लागणार. या माउलीची पोर माझ्या हातानं कशी तोडू?"

"मग चालवायची नाही! संग्रहाची वस्तू आहे," जाळायला निघालेले साहेब म्हणाले.

"एकदा तरी चालेल का रे?" म्हातारीनं विचारलं.

"चालली तर एकदाच."

"मग लाव, बाबा."

दिवे गेले. पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी हसली, तिनं पाव उचलला.

"पाव एक, गिऱ्हाइकं दोन. कुणाला द्यायचा? आणि हे ठरवणार कोण?"

कट्‌कन फिल्म तुटली. पडदा पांढरा झाला.

"मी ठरवलं गं, बाळा," म्हातारी म्हणाली.