बाबा पाहुण्यांसमोर उभे राहतात

लिफ्टचं बटण मी इतक्यांदा दाबलं, की शेजारी उभा असलेला तरुण शिकून घेतलेल्या मराठीत हळूच म्हणाला, "तिला कळलंय... येतेय ती."

"तुम्ही मध्ये बोलू नका! मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाढवाला भेटायचंय."

"त्यानं काय केलं?"

कुणाला तरी ऐकवायचंच होतं. बाबांची उजवी बाजू लुळी पडलेली. आंघोळीला, कपड्यांना माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी, प्रयोगशाळेतली नोकरी अर्धवेळ करून. अपंग सेवा केंद्राकडे सकाळपुरता मदतनीस मागितला, तर यांचा अधिकारी मी कामावर असताना घरी आला, चहा प्यायला आणि 'मदतीची गरज नाही' असा शेरा मारून मोकळा झाला. त्याच संध्याकाळी बाबा न्हाणीघरात पडले.

त्याचे कान लाल झाले. "तो... मीच. पण ते उभे राहिले होते हो! इस्त्रीचा शर्ट, चहासुद्धा स्वतः ओतला. सगळं जमतं ना विचारलं, तर म्हणाले, उत्तम."

"म्हणणारच! पाहुणे येणार म्हणून तो शर्ट त्यांनी माझ्याकडून हट्टानं घालून घेतला होता. आमच्याकडे परक्यासमोर घरचं दुखणं काढत नाहीत. 'मला जमत नाही' असं फटकन सांगणाऱ्या तुमच्या माणसांसाठी आहेत हे प्रश्न. आमची भाषा शिकलात, माणसं कधी शिकणार?"

लिफ्ट आली आणि रिकामीच गेली.

"मग कसं विचारू?" त्यानं खरोखरच विचारलं. माझं डोकं आणखी फिरलं. भांडायला आलेल्या माणसाशी कुणी इतकं सरळ वागतं का?

"पाहुणा बनून येऊ नका. सकाळी या, बाह्या सरसावून."

तो आला, येतच राहिला. बाबा आधी गुरगुरले, मग पाणी कोमट नाही म्हणून त्याच्यावरच खेकसू लागले. टॉवेल देता-घेता आमची नजर अडखळायची...

"रागावलात की नाकाचा शेंडा लाल होतो तुमचा."

"तो हल्ली लालच असतो. तुमच्या केंद्राची कृपा."

एकदा दारात तो थबकला. "मला एक सांगायचं होतं..."

"गप्प बसा!" मी ओरडलेच. घरच्यांशी नातं जुळलं, की अधिकारी बदलायचा आणि पाहणी पुन्हा पहिल्यापासून, हा त्यांचा नियम मला ठाऊक होता. "नवा माणूस, पुन्हा चहा, पुन्हा उत्तम! तुमचं प्रेम माझ्या बाबांच्या हाडांवर येईल!"

"मी अजून प्रेम म्हणालोच नव्हतो..."

"मग काय हवामान सांगणार होतात?"

तो हसला. आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांना सगळं सांगून त्यानं आमचं काम सोडलं. "लपवून मिळवलेली मदत हे लोक उद्या काढून घेतील," फोनवर म्हणाला. मी फोनच आपटला.

नवीन अधिकारी बाई सकाळी यायच्या होत्या. कधी जायचं, काय विचारायचं, हे त्यानं त्यांना समजावून ठेवलं होतं. पण बाबांनी फर्मान काढलंच, "शर्ट आण."

मी दात-ओठ खात आणला. एक बाही चढली आणि बेल वाजली. बाई आत आल्या, शेजारी बसल्या, कालची आंघोळ कशी झाली विचारलं. बाबांनी उभं राहायला टेबलाची कड धरली... माझ्याकडे पाहिलं... आणि सोडली.

"नाही जमत हो," ते म्हणाले. "हा शर्टसुद्धा हीच घालते. तिला तिचं आयुष्य आहे की नाही?"

मी भिंतीकडे बघत राहिले. एका बादलीभर पाण्यासाठी माझ्या बाबांना परक्यासमोर हे बोलावं लागलं, याची चीड आजही गेलेली नाही.

मदतनीस मंजूर झाला, त्या दिवशी तो आधीचा अधिकारी खाली फाटकाशी उभा होता.

"आता बोलू?"

"आधी मी. मला तुमचा भयंकर राग आलाय. आणि... तुम्ही मला आवडता. राग जाणार नाही, सांगून ठेवते."

"नकोच जायला. तिसऱ्या मजल्यावर अजून खूप प्रश्न बदलायचेत. याल माझ्याबरोबर भांडायला?"

त्यानं हात पुढे केला. मी तो घट्ट धरला.