बंद दाराची साक्ष

"या घराबाहेर पाऊल टाकलंस, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस! मी मेलो असं समज!"

थोरल्याचा आवाज चिरकला. टेबलावरचा कप त्याच्या हाताच्या धक्क्यानं खाली पडून फुटला. वहिनी दाराशी चपला घालून उभी होती... साऱ्या संसारात नवऱ्याला तिनं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आज मात्र काळीज पिळवटून निघत असूनही पाय मागं फिरत नव्हते.

"चोरून जात नाही मी. कुठं जातेय आणि काय बोलणार आहे, ते तुम्हाला सांगून जातेय."

लग्न होऊन ती आली तेव्हा धाकटा दीर शाळेत जात होता, आईविना हिरमुसलेला. तिची कूस उजवली नाही. पण त्या पोरानं तिला रितं राहू दिलं नाही. मोठेपणी त्यानं चांगली नोकरी सोडून माहितीपट काढायला घेतले, तेव्हा "या लष्कराच्या भाकऱ्या कशाला?" म्हणत थोरल्यानं डोक्याला हात लावला. पाठीशी उभी राहिली ती वहिनीच! गटारात उतरणाऱ्या माणसांवर त्यानं चित्रपट केला, पाडलेल्या वस्तीवर केला. त्यापायी कोठडीची हवाही खाऊन आला. पण ज्यांना आयुष्यभर कुणी विचारलं नव्हतं, ती माणसं पडद्यावर स्वतःला बोलताना पाहून ढसाढसा रडली, आणि वहिनीला वाटलं, आपलं पोर वाया गेलं नाही!

मग थोरला जिथं व्यवस्थापक होता, त्या शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. मागच्या दाराशी बायका होरपळून गेल्या. "दाराला कुलूप नव्हतंच, बायकाच घाबरून चेंगरल्या," असं मालकांनी जाहीर केलं. धाकटा घरोघरी फिरला, त्यानं चित्रण केलं. पण कुलूप लावायचा हुकूम ऐकलेलं माणूस काही सापडेना.

ते माणूस त्याच्याच घरात होतं! "काम संपेपर्यंत एकही बाई बाहेर जाता कामा नये. मागच्या दाराला कुलूप घाला," हे थोरल्याचं फोनवरचं बोलणं वहिनीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं... आणि गिळलं होतं.

हुकूम दादाचाच होता, याची धाकट्यालाही अखेर कुणकुण लागली. तो आला, भावापुढं मान खाली घालून म्हणाला, "दादा, हा चित्रपट मी सोडला. यापुढं कॅमेऱ्याला हात लावणार नाही." थोरल्यानं सुटकेचा श्वास टाकला. वहिनीचा मात्र कोंडला.

त्यातच एका मृत बाईची म्हातारी आई धाकट्याला शोधत दारात आली. "माझी लेक भित्री नव्हती हो! तेवढं तरी सांगा की कुणी लोकांना..." त्या क्षणी वहिनीचं ठरलं.

घरातून निघून ती पोचली, तेव्हा धाकट्याच्या स्टुडिओत सामान बांधलेलं होतं. "कॅमेरा लाव, राजा," ती खुर्चीत बसत म्हणाली.

"वहिनी, वेडी झालीस का? दादा तुरुंगात जाईल! तुझं घर मोडेल!"

"ते घर उभं तरी कशावर आहे रे? आणि तू मुका झालास, तर मी तुला वाढवलं कशासाठी?"

त्यानं कॅमेरा सुरू केला. "त्या दिवशी माझे यजमान फोनवर..." एवढंच ती बोलली. इतक्यात दार लोटलं गेलं.

थोरला उभा होता. धाकटा झटकन मध्ये आला. पण त्याला अलगद बाजूला सारून तो बायकोपाशी गेला.

"ऊठ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "हे तुझं बोलणं नाही. माझं आहे. तू सांगून निघालीस, मग मला घरात लपून बसवेना."

तो खुर्चीत बसला. धाकट्याला रडू आवरेना.

"दादा, मी... मी कसं विचारू तुला?"

"भावाला विचारू नकोस. बाकीच्यांना जसं विचारतोस, तसं विचार."

डोळे पुसून धाकटा कॅमेऱ्यामागं गेला. "त्या दिवशी... दाराला कुलूप घालायला कुणी सांगितलं?"

"मी. मालकांचा तगादा होता. पण शब्द माझा होता. त्या बायका भित्र्या नव्हत्या. भित्रा मी होतो!"

वहिनी भिंतीला टेकून आवाज न करता रडत होती. उद्या काय वाढून ठेवलंय, ते तिला दिसत होतं... आणि तरीही, इतक्या वर्षांत हा माणूस तिला इतका आपला कधीच वाटला नव्हता!