सहा पिवळ्या ओळी

मालकीणबाई ओळींच्या तोंडाशी थांबल्या आणि नुसत्या हातानेच दाखवलं.

सगळी द्राक्षबाग हिरवीगार होती. मधल्या सहा ओळींमधलं गवत मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळंजर्द पडलं होतं.

"तणनाशक," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत या मळ्यात एक थेंब पडू दिला नव्हता. आणि आज चार वाजता पुरस्काराचे परीक्षक येतायत."

वहिनी खाली वाकल्या. गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव झालं होतं, पण ते नाव कुणी घेत नसे. त्यांचा दीर सगळीकडे बरोबर असे आणि दर वाक्यात 'वहिनी' म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली होती. त्या दिराला, भाऊजींना, तीन कामं होती: गाडी चालवायची, टिपणं घ्यायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. तिन्ही ते मनापासून करत.

वहिनींनी गवताचा झुबका ओढला. तो मुळासकट हातात आला. मुळं तपकिरी आणि मऊ पडली होती. मग त्यांनी वेलींची सगळ्यात खालची पानं एकेक करून उलटून पाहिली. एकावरही डाग नव्हता.

"पुरस्कार नेमका कशाचा?"

"निसर्ग राखून वाइन करणाऱ्यांमध्ये जो पुढाकार घेतो त्याचा. वाइनरीतल्या एकाच माणसाला देतात, अर्जात एकच नाव लिहायचं. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. बंद लिफाफा नऊ दिवसांपूर्वी धाकट्याने, माझ्या भावाने, नेऊन दिला."

"संशय कोणावर?"

"माझी खात्रीच आहे. काल रात्री आम्ही सगळे परीक्षकांबरोबर शहरात जेवायला होतो. कुंपणापलीकडचा शेजारीही होता, तो मध्येच उठून गेला. मळ्यावर मुकादम एकटाच. आज सकाळी त्याच्या अवजारांच्या खोलीत तणनाशकाचा रिकामा डबा सापडला. मी त्याला सामान आवरून जायला सांगितलंय."

"मग मी कशाला?"

"परीक्षक पुरावा मागतील. डबा पुरेसा आहे का, ते तुम्ही सांगा."

वहिनींनी जमिनीवर पडलेल्या दोराकडे पाहिलं.

"आठ दिवस हा तुकडा बंद होता," मालकीणबाई म्हणाल्या. "वेलीत घरटं आहे, अंडी आहेत. पाहुण्यांसाठी आज दोर सोडला, तेव्हा हे दिसलं. दोन्हीकडच्या दाट पानांमुळे बाहेरून काही कळत नव्हतं."

वहिनींनी घरट्यात डोकावलं. आत वाळका पाला होता आणि तोंडावर कोळ्याचं जाळं.

"पिल्लं उडाली वाटतं," भाऊजी म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

मुकादम अवजारांच्या खोलीत पिशवी भरत होता. एक सदरा त्याने तीनदा घडी घालून तीनदा मोडला.

"बाईंनी ठरवलंय ना, मग मी काय बोलू? पण हा डाग घेऊन बाहेर पडलो तर या वयात मला दारात कोण उभं करील?"

"या खोलीला कुलूप नसतं?"

"कशाला? सगळ्यांचीच ये-जा असते."

"पलीकडच्या ओळींत मेंढ्या दिसल्या. त्या तुकड्यातही चरतात ना?"

"चरायच्या. गवत कापण्यापेक्षा मेंढ्या सोडा, हे मीच बाईंना सुचवलं होतं. दोर बांधला तेव्हा तिथून हलवल्या."

कुंपणापलीकडचा शेजारी द्राक्षंच लावत होता. डबा पाहून त्याने खांदे उडवले.

"माझाच आहे. माझ्या रिकाम्या डब्यांचा ढीग कुंपणाला लागून पडलाय, कोणीही उचलील. मी हे वापरतो, म्हणून तर यंदा माझा अर्ज पहिल्याच फेरीत बाद झाला."

"काल जेवणातून मध्येच उठलात."

"दुसऱ्याचं कौतुक किती वेळ ऐकायचं? आणि या औषधाचा तरी काय भरवसा? गेल्या महिन्यात रस्त्याच्या कडेला फवारलं, तर आठवडाभर गवत जसंच्या तसं. बायको रोज खिडकीतून बघून म्हणायची, दुकानदाराने तुम्हाला पाणी विकलं. मला घरात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती."

"वहिनी, हाच," गाडीपाशी येताच भाऊजी कुजबुजले. "नुसता जळतोय."

"जळतोय खरा," वहिनी म्हणाल्या. "चला, तळघरात जाऊ."

तळघरात गारवा होता. धाकटा पिंपातून वाइन काढून उजेडात धरून पाहत होता. वाइन बनवण्याचं सगळं काम त्याच्याकडे होतं.

"ताईने मुकादमाला डोक्यावर चढवून ठेवलं, त्याचं हे फळ," तो म्हणाला. "मी काल शेवटपर्यंत परीक्षकांच्या शेजारी बसलो होतो. कुणालाही विचारा."

"घरटं कुणी पाहिलं?"

"मीच. पक्षी बिथरू नयेत म्हणून दोर बांधायला लावला. गवत, मेंढ्या, पक्षी, या मळ्यावर हे सगळं मी आणलंय."

सव्वातीनला वहिनींनी चौघांना चव घेण्याच्या दालनात बसवलं. मुकादम दाराशीच उभा राहिला, पिशवी हातात घेऊन. मालकीणबाईंची नजर घड्याळावरून हटत नव्हती.

"तुम्ही सगळे काल रात्रीचा विचार करताय," वहिनींनी सुरुवात केली. "गवत आज पिवळं दिसलं, म्हणजे काल फवारलं, असं तुम्ही धरून चाललात. बारा वर्षांत इथे कुणी फवारलंच नाही, त्यामुळे हे औषध किती दिवसांनी चढतं ते तुम्ही विसरलात. शेजाऱ्यांच्या पत्नीला ते चांगलं माहीत आहे. आठवडाभर गवत हिरवं राहतं, मग मुळासकट मरतं. इथली मुळं कुजलीत. ही फवारणी आठ दिवसांपूर्वीची आहे."

"तेव्हाही मुकादम इथेच होता," धाकटा म्हणाला.

"होता. पण हे दिवसाढवळ्या आणि सावकाश झालंय. वेलीच्या एकाही पानावर थेंब उडालेला नाही. गवत मारायचं होतं, पण वेल दुखवायची नव्हती, इतका तिच्यावर जीव असलेल्या माणसाचं हे काम आहे. त्याला आठ दिवस तिकडे कोणी फिरकायला नको होतं. माणसं नकोत आणि मेंढ्यांमागून येणारा मुकादमही नको. त्यासाठी घरट्याचं कारण मिळालं."

"घरटं खरंच आहे," धाकटा म्हणाला.

"आहे, मागच्या हंगामातलं. आठ दिवसांपूर्वी तिथे अंडी असती, तर आज त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं नसतं. डबा कुंपणापाशी मिळाला आणि कुलूप नसलेल्या खोलीत ठेवला. काल रात्री तुम्ही परीक्षकांना चिकटून बसलात, कारण सगळे कालचाच हिशोब विचारणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

भाऊजींचं पेन थांबलं. शेजारी खुर्चीत सावरून बसला.

"पण का?" मालकीणबाईंनी विचारलं. "मळा त्याचाही आहे."

"लिफाफा त्याच्या हातून गेला, वाटेत त्याने तो उघडून पाहिला. दुसऱ्याच दिवशी दोर बांधला गेला. अर्जात मुकादमाचं नाव आहे ना?"

मालकीणबाईंनी होकारार्थी मान हलवली. मुकादमाने पिशवी खाली ठेवली.

"बारा वर्षं मी मरमर मेलो," धाकटा म्हणाला. "आणि नाव मेंढ्या हाकणाऱ्याचं? एकदा मला विचारायचंस तरी, ताई."

बाहेर फाटकापाशी गाडी थांबली. परीक्षक वेळेआधीच आले होते.

मालकीणबाई उठल्या. "मी त्यांना सगळं खरं सांगते. पुरस्कार गेला तर जाऊ दे." मग त्या मुकादमाकडे वळल्या. "तुम्ही बरोबर चला. मुकादम, माझं चुकलं."

"माझं नाव लिहिताना तुम्ही बराच विचार केला असेल, बाई," मुकादम म्हणाला. "डबा दिसल्यावर मात्र मला एक शब्द विचारला नाहीत."

मालकीणबाईंना त्याच्याकडे बघवेना.

"पाहुण्यांना ओळी मी दाखवतो. माती परत कशी आणायची तेही सांगतो, ते दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. मग मी घरी जाणार. उद्या मी कामावर यावं असं वाटत असेल, तर घरी येऊन माझ्या बायकोसमोर सांगा. सकाळपासून ती रडतेय."

"येते," मालकीणबाई म्हणाल्या. "आजच येते."

मुकादमाने सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि तो परीक्षकांना सामोरा गेला.