शंभर वॅटचा उंबरठा

मे महिन्यातल्या ओल्या उष्णतेच्या लाटेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता वेळशेत बंदरातल्या बर्फ कारखान्याचा भोंगा आपोआप वाजला. रझिया मुकादम तेव्हा पाळीची नोंद करत होती. पडद्यावरचे तिचे आकडे गेले आणि तिथे एकच ओळ आली : 'राष्ट्रीय आपत्ती. हा कारखाना आता शीतनिवारा आहे.'

बर्फ करणारी यंत्रं थांबली. सगळी वीज मागच्या शीतगृहाकडे वळली. कामगारांनी मासळीचे क्रेट बाहेर ओढले. कोणी रझियाला काही विचारलं नाही. बावीस वर्षं ती हा कारखाना चालवत होती, आणि आता तो तिच्यासमोर दुसऱ्याच कोणाच्या हुकमाने चालत होता.

देशाच्या निम्म्या भागात 'ओलं तापमान', म्हणजे थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं तापमान, पस्तीस अंशांच्या वर गेलं होतं. अशा हवेत घाम सुकत नाही. घाम सुकला नाही की शरीर निवत नाही आणि धडधाकट माणूसही काही तासांत दगावतो. सावली, पंखा, पाणी, कशाचाच उपयोग होत नाही.

बंदरातली माणसं येऊ लागली. जयवंत पावसे हा तिशीतला तांडेल, होडीवरचा म्होरक्या, बाजारपेठेतून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन येत होता. अकरावी खेप त्याच्या आईची, काशीबायची. दारातल्या चौकटीने तिचा आकडा दाखवला : ६१. दार उघडलं. मागोमाग जयवंतने पाऊल ठेवलं. १४८. दार मिटलं.

रझियाने पडद्यावर डॉ. निशिगंधा भालेराव यांना गाठलं. शीतनिवाऱ्याची योजना त्यांची होती.

"दार बिघडलंय. आत अजून शंभर माणसं मावतील."

"जागा संपत नाही, थंडावा संपतो," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस म्हणजे चालती शेगडी आहे, रझियाताई. नुसता बसला तरी ऐंशी-शंभर वॅट उष्णता सोडतो. तुमच्या वाट्याला आलेल्या विजेत अठरा हजार वॅट बाहेर फेकता येतात. त्याहून जास्त झाली तर आतलीही हवा बाहेरसारखी होईल. म्हणून आम्ही डोकी मोजत नाही, तापभार मोजतो. हलकी माणसं घेतली की जास्त जीव वाचतात."

"याने अकरा जणांना उचलून आणलं म्हणून तो तापलाय."

"त्याला अर्धा तास स्वस्थ बसवा. आकडा उतरेल."

"कुठे बसवू? बाहेर?"

डॉक्टर म्हणाल्या, "माणशी शंभर वॅटची मर्यादा मला इथून हलवता येत नाही."

"मग मी बाहेर जाते, त्याला घ्या."

"तुम्ही ब्याण्णव आहात. त्यात तो बसत नाही. आणि यंत्र कोण बघणार?"

रझियाने बाहेरच्यांसाठी बर्फ मागितला. गोदामात चाळीस लाद्या होत्या. पडद्याने उत्तर दिलं : 'बर्फ आतल्यांसाठी राखीव.' तिने वर अर्ज केला. 'विचाराधीन.' पुन्हा केला. 'विचाराधीन.' तिसऱ्यांदा तिने अर्ज केला नाही. लोखंडी आकडा घेऊन तिने मागच्या झडपेतून एकेक लादी बाहेर ढकलायला सुरुवात केली. वीस लाद्या गेल्यावर झडपेला कुलूप बसलं.

बाहेर एकतीस जण होते. सगळे अठरा ते चाळीस वयाचे : हमाल, खलाशी, पाण्याच्या टाक्या वाहणाऱ्या दोन बाया. लाद्यांना कवटाळून ते दोन तास तगले. जयवंतने आपली लादी त्या बायांकडे सरकवली. काशीबाय आतून दारावर हात आपटू लागली, तेव्हा शेजारचे म्हणाले, "बाय, हालू नको. तू तापलीस तर आम्ही सगळे मरू." तिला चौघांनी धरून बसवलं.

जयवंत चार वाजून वीस मिनिटांनी गेला.

संध्याकाळी वारा फिरला. बाहेरचे एकोणीस गेले होते. आतले दोनशे एकतीस वाचले, सगळेच्या सगळे. अहवालात 'यश शंभर टक्के' असं आलं, कारण दाराबाहेरची माणसं निवाऱ्यात धरलेली नव्हती. रझियाने हरकत नोंदवली. तिला पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. वीस लाद्यांबद्दल मात्र तिला लेखी समज मिळाली.

पुढच्या जानेवारीत सरकारने निवाऱ्याची चौकट लोकांच्या सरावासाठी खुली केली. पहिल्याच सकाळी काशीबाय धाकट्या मुलाला, सुहासला, घेऊन आली. चोवीस वर्षांचा सुहास होडीवर जायचा. त्याचे गाल बसले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"आजारी आहे का गं?" रझियाने विचारलं.

"नाही. दिवाळीपासून एकच वेळ जेवायला घालते. होडीवर जाणं बंद केलंय."

सुहास चौकटीत उभा राहिला. १०४.

"काशीबाय, याला जेवायला घाल. असा तो पावसाळा काढायचा नाही."

"पावसाळा नंतर येतो, रझिया. आधी मे येतो," काशीबाय म्हणाली आणि त्याला हाताला धरून बाहेर नेऊ लागली. दारात आणखी सात-आठ आया आपापल्या मुलांना घेऊन उभ्या होत्या. बंदरातली सगळ्यांत दणकट पोरं होती ती. आता सगळीच वाळली होती.