सुलक्षणाताईंचं गाणं

“दिवा लावू नकोस अक्षरा, असू दे अंधार,” राजीवकाका म्हणाले. “ही आमच्या रघुवीरची गोष्ट. ग्लासगोला साउंड इंजिनिअर होता. आणि वीर, हसू नकोस. थापा मारणारा माणूस नव्हता तो.”

नोव्हेंबर २००७, चोवीस तारीख, शनिवार. रघुवीर स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुढच्या एका खेड्यात निघाला होता. काम साधंच. तिथल्या जुन्या दगडी कोठारात दर उन्हाळ्यात ऑपेरा फेस्टिव्हल भरायचा. कोठार आता विकलं होतं. आतले माइक उतरवायचे, जुन्या मालकाला किल्ली द्यायची, परत यायचं.

फेस्टिव्हल चालवायच्या सुलक्षणाताई. मूळच्या नागपूरच्या. गाणं शिकायला इकडे आल्या आणि ऍलन नावाच्या संगीतकाराशी लग्न करून बसल्या. त्याने खास त्यांच्यासाठी एक ऑपेरा लिहिला. प्रयोग आठवड्यावर आला, तेव्हा नायिकेचं काम दुसरीला दिलं. “तुझा आवाज घरापुरता ठीक आहे,” म्हणाला. ताई विंगेत बसून त्या दुसरीला प्रॉम्प्टिंग करत राहिल्या.

त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत. गणपतीत साधी आरतीसुद्धा नाही, नुसत्या टाळ्या वाजवायच्या. वर्षानुवर्षं गायकांना रांधून घातलं, देणग्यांसाठी लोकांचे उंबरे झिजवले. फेस्टिव्हलला नाव मात्र नवऱ्याचं. त्याच वर्षी मार्चमध्ये ताई वारल्या.

रघुवीर पोचला तेव्हा चहाची वेळ होती, पण तिथल्या हिवाळ्यात बाहेर मिट्ट काळोख. माइक चालतायत का बघावं म्हणून त्याने रेकॉर्डर सुरू केला, हेडफोन चढवले.

श्वास ऐकू आला. बाईचा.

हेडफोन काढले. कोठार गप्प.

परत घातले...

मधल्या माइकपाशी कुणीतरी होतं. स्टेजवर कुणी नव्हतं.

आणि ती गायला लागली. तोच ऑपेरा. नायिकेचंच गाणं.  गाणं संपलं तसा रघुवीर रेकॉर्डर उचलून पळाला.

जुना मालक म्हणजे ऍलनच; किल्ली द्यायला त्याच्याकडे जावंच लागणार होतं. म्हाताऱ्याने त्याचा चेहरा पाहिला. “काय झालं?”

रघुवीरने रेकॉर्डिंग लावलं.

ऍलन खुर्चीतून अर्धवट उठला. “सुलक्षणा...”

बराच वेळ ऐकत राहिला. 

“हे... हे मी लिहिलेलं नाही. माझी नायिका शेवटी गप्प मरते.”

ताईंचा आवाज चढत गेला. अजून वर. खिडकीची काच थरथरली.

“बंद कर! बंद कर ते!”

रघुवीरने हात पुढे केला. बटणापर्यंत पोचायच्या आत ऍलन मागे टेकला. डोळे मिटले.

“हं... आता बरं.”

रेकॉर्डर चालूच होता. ताई गात होत्या. खोली भरून गेली होती.

“ऍलन,” रघुवीर म्हणाला, “मी बंद नाही केलं.”

ऍलनने डोळे उघडले. रघुवीरच्या ओठांकडे बघत राहिला.

“मोठ्याने बोल ना जरा.”

राजीवकाका थांबले. 

“डॉक्टरांनी तपासलं,” ते हळूच म्हणाले. “कान ठणठणीत होते.”