अर्धी राहिलेली कड

दुपारचं जेवण उरकून फुसाए वडिलांच्या कामाच्या खोलीत आली, ती राहिलेलं एक काम हातावेगळं करायला. पणजोबांनी विणलेली फुलांची टोपली दुरुस्त करता करताच तिचे वडील, तोकुझो, गेले होते. चुलीवरच्या छपरात वर्षानुवर्षं धूर खाऊन काळसर तांबूस झालेल्या बांबूची ती टोपली. तिची कड अर्धीच बांधून राहिली होती. उद्या एकोणपन्नासावा दिवस. तोवर गेलेला माणूस घरातच घुटमळतो आणि मग वाटेला लागतो, हे जपानमधल्या त्या बेप्पू गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

फुसाएला घोर होता तो आईचा. इतके दिवस किनूच्या पोटात धड घास गेला नव्हता. ती इथंच कोपऱ्यात बसून नवऱ्याशी बोलत राही; आत्ताही ती तिथंच होती. पण आज सकाळी तीच म्हणाली होती, "कड बांधून टाक गं. आजच." आई अखेर बाबांना निरोप द्यायला तयार झाली, असं वाटून फुसाएचे डोळे भरून आले होते.

बाहेर गरम झऱ्यांची वाफ गल्लीत दाटली होती. खोलीत भरदुपारीच अंधारून आलं, म्हणून फुसाएनं दिवा लावला. भिजवलेली बारीक कामटी घेऊन ती कडेवर वेढे घालू लागली. चार-पाच वेढे झाले असतील, तोच बाबांच्या तंबाखूचा वास आला. मग टोपलीतून आवाज येऊ लागला... हळू, थांबून थांबून. वाळताना बांबू कुरकुरतो, तिनं मनाला समजावलं. पण हा श्वास होता.

"आई... ऐकलंस?"

"भित्री कुठली! बांबू विणणाऱ्याची पोर ना तू?" किनू कोपऱ्यातून म्हणाली. "हात थांबवू नकोस."

शेवटचा वेढा घालताना कामटी पुढे सरकेना. आतून कुणीतरी ती धरून ठेवली होती.

"आई, ओढतंय गं कुणीतरी..."

"ओढू दे. तू घट्ट आवळ."

फुसाएनं डोळे मिटले आणि सगळा जोर लावून गाठ मारली. आवाज थांबला. तिनं आत वाकून पाहिलं. टोपली रिकामी होती.

"भूक लागली," किनू म्हणाली.

मुळ्याच्या लोणच्याबरोबर ती दोन वाट्या भात जेवली, वर चहाही मागून घेतला. फुसाए तिच्याकडे बघत राहिली. तिला रडू आवरेना. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

मग टोपली देव्हाऱ्यापुढे ठेवावी म्हणून तिनं हात घातला. टोपली हलेना. दोन्ही हातांनी, गुडघे टेकून, सगळी ताकद लावूनही ती चटईवरून तसूभरही उचलली जाईना.

"राहू दे तिथंच," मागून आई अगदी हळू आवाजात म्हणाली. ती हसत होती. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."